अंदाज पावसाचा आहे, सहल ठेवायची की पुढे ढकलायची?

ऑगस्टमधल्या लांब सुट्टीसाठी गणपतीपुळ्याला तीन रात्रींची खोली ठरलेली असते. आजी-आजोबा, दोन मुलं, एक गाडी. निघायला चार दिवस उरलेले असताना घरच्या ग्रुपवर कुणीतरी हवामानाचा नकाशा टाकतं आणि त्यात रत्नागिरी जिल्हा केशरी दिसतो. मग घरात 'जायचं की नाही' यावर दोन तट पडतात.

त्या नकाशात या प्रश्नाचं उत्तर नसतं. जिल्ह्यात किती पाऊस पडू शकतो, एवढंच तो सांगतो. सहल ठरते ती वेगळ्याच गोष्टींवर: वाटेवरचा घाट चालू राहील का, मुक्कामाच्या ठिकाणी दोन दिवस वीज-रस्ता नसला तरी निभेल का, आणि ठरल्या दिवशी घरी परतता येईल का. पावसामुळे फिरणं कमी होणं वेगळं आणि पावसामुळे वाट बंद होणं वेगळं. पहिल्यासाठी सहल मोडायची गरज नाही. दुसऱ्याची शक्यता दिसत असेल तर मोडलीच पाहिजे. हे दोन वेगळे कसे ओळखायचे, हेच इथे पाहू.

मिलिमीटरची भाषा

१ मिमी पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. १०० मिमी पाऊस झाला तर दहा बाय दहा फुटांच्या गच्चीवर सुमारे ९३० लिटर पाणी पडतं, म्हणजे घरावरची एक मोठी टाकी जवळजवळ भरते. हेच पाणी डोंगराच्या अख्ख्या उतारावर पडून एका ओढ्यात उतरतं, असं डोळ्यांपुढे आणा.

भारतीय हवामान विभाग चोवीस तासांच्या पावसाला ठरलेली नावं देतो. १५.६ ते ६४.४ मिमी म्हणजे मध्यम. ६४.५ ते ११५.५ म्हणजे मुसळधार. ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार. त्याच्याही वर अत्यंत मुसळधार. कोकणात जुलैमध्ये मध्यम पाऊस हा रोजचाच. शाळा, बाजार, एसटी सगळं सुरळीत चालतं. तो अंदाजात दिसला म्हणून सहल रद्द करणं म्हणजे कोकणात पावसाळाभर जायचंच नाही, असं ठरवणं. अति मुसळधारपासून मात्र हिशेब बदलतो.

आकडा वाचताना आणखी एक लक्षात ठेवा. हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशीच्या साडेआठपर्यंत मोजतात. २३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला ५९४ मिमी पावसाची नोंद झाली, पण त्यातला बहुतेक पाऊस २२ तारखेचा होता. चिपळूणला महापूर आला आणि महाड तालुक्यात तळीयेवर दरड कोसळली ती २२ लाच. वर्तमानपत्रात 'आज नोंदवलेला' पाऊस मुख्यतः कालचा असतो.

मोबाइलवरचे ८० टक्के

फोनमध्ये ढगाच्या चित्राखाली '८०%' दिसतं. त्याचा अर्थ दिवसाचा ८० टक्के वेळ पाऊस पडणार असा नाही, आणि ८० टक्के भाग भिजणार असाही नाही. अशी स्थिती असलेल्या दहा दिवसांपैकी आठ दिवस त्या जागी मोजण्याइतका पाऊस पडतो, एवढंच तो आकडा सांगतो. अर्ध्या तासाची एक सर आली तरी तो अंदाज बरोबर ठरतो. जुलैत रत्नागिरीसाठी हा आकडा बहुतेक दिवशी ८०-९० च्या पुढेच असणार, त्यामुळे निर्णयाला त्याचा काही उपयोग नाही. त्याच पानावर तासातासाचे मिलिमीटर दिले असतील तर ते बघा.

दुसरी अडचण डोंगरांची. फोनवरचे बरेच अंदाज जागतिक मॉडेलांतून येतात. ती मॉडेलं जमिनीचे चौकोन पाडून गणित करतात आणि एकेक चौकोन साधारण ९ ते २५ किलोमीटरचा असतो. आपल्याकडे मे २०२५ मध्ये सुरू झालेली, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेत विकसित झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' ६ किलोमीटरच्या चौकोनावर चालते. ही मोठी सुधारणा आहे. पण सह्याद्रीत सहा किलोमीटरांत माथा, कडा आणि तळकोकण तिन्ही येऊन जातात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या पुढे पाऊस पडतो, वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास, आणि खाली वाईला सातशे-आठशे मिमी. समुद्राकडून आलेले ढग कड्याला आदळून वर चढतात, माथ्यावर रिकामे होतात आणि पलीकडे कोरडे उतरतात. म्हणून महाबळेश्वरचा अंदाज भीतीदायक दिसला तर मुक्काम पाचगणीत किंवा वाईत हलवणं हा सहल रद्द करण्यापेक्षा चांगला मार्ग असतो.

सपाट शहरातही फरक किती पडतो? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, तेव्हा कुलाब्याला सुमारे ७४.

बुलेटिनमधले शब्द

हवामान विभागाचं मुंबईचं प्रादेशिक केंद्र जिल्हावार इशारे देतं. 'तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार पावसाची शक्यता' हे वाक्य आपण नुसतं वरवर वाचतो, पण त्यातल्या प्रत्येक शब्दाला मोजमाप आहे. तुरळक ठिकाणी म्हणजे जिल्ह्यातल्या पर्जन्यमापकांपैकी जास्तीत जास्त एक चतुर्थांश. काही ठिकाणी म्हणजे निम्म्यापर्यंत. बऱ्याच ठिकाणी म्हणजे तीन चतुर्थांशापर्यंत, आणि बहुतांश ठिकाणी म्हणजे त्याहून जास्त. 'तुरळक ठिकाणी अति मुसळधार' असेल तर तुम्ही नेमके त्या पट्ट्यात सापडण्याची शक्यता कमी आहे. 'बऱ्याच ठिकाणी अति मुसळधार' असेल तर सुटका नाही.

रंगांचंही तसंच. हिरव्याला इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा. रंग ठरवताना पाऊस किती पडेल एवढंच नाही, तर तो पडण्याची खात्री किती आणि परिणाम काय होईल हेही धरलेलं असतं. पुणे, सातारा, कोल्हापूर आणि नाशिक या जिल्ह्यांच्या घाटभागासाठी वेगळा इशारा निघतो, आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. 'सातारा' पिवळा आणि 'सातारा घाट' लाल, असं एकाच दिवशी होऊ शकतं. कास, बामणोली, महाबळेश्वर, कोयनेकडे जाणाऱ्यांनी दुसरी ओळ वाचायची.

हा पाऊस किती दिवस टिकेल?

कोकणात पाऊस लाटांनी येतो. गुजरातच्या किनाऱ्यापासून केरळपर्यंत कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरात ओडिशाजवळ कमी दाबाचं क्षेत्र येऊन पश्चिमेकडे सरकू लागलं, की अरबी समुद्रावरचे वारे जोर धरतात. मग कोकणात आणि घाटात दोन-चार दिवस झड लागते. उलट, उत्तर भारतावरचा मान्सूनचा आस (कमी दाबाचा लांबट पट्टा) हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की आपल्याकडे खंड पडतो, हलक्या सरी आणि मधूनमधून ऊन. बातमीत 'उपसागरात नवीन कमी दाबाचं क्षेत्र' वाचलंत, तर पुढचे चार दिवस कोकणासाठी जोराचे असू शकतात, असं समजा.

मे आणि ऑक्टोबरचं गणित निराळं. त्या दिवसांत सकाळ बहुधा कोरडी असते, उकाडा वाढतो, आणि दुपारी तीननंतर विजांसह वादळी पाऊस येतो. अंदाजात रोज पाऊस दिसला तरी सकाळी सहा ते दुपारी एक हा वेळ बहुधा मिळतो. किल्ले, पठारं, उघडी मैदानं या वेळातच उरकायची. विजांसाठी 'दामिनी' ॲप ठेवा. आसपास वीज पडण्याचा इशारा ते देतं.

चार वेळा बघा, रोज नको

पंधरा दिवस आधीच्या तासातासाच्या अंदाजाला काही अर्थ नसतो. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा कल जाहीर करतो; त्यात पाऊस सरासरीपेक्षा जास्त की कमी, एवढंच कळतं आणि त्या टप्प्यावर तेवढंच पुरे. त्या वेळी एकच काम करायचं: खोली घेताना तारीख बदलण्याची मुभा मागून ठेवायची.

सात दिवस आधी जिल्ह्याचा कल बघा आणि पर्यायी ठिकाण मनात ठरवा. तीन दिवस आधीचा अंदाज बराच भरवशाचा असतो, आणि खरा निर्णय इथे घ्यायचा. रंग बघा, घाटाची वेगळी ओळ बघा, आणि त्या भागात गेल्या तीन दिवसांत किती पाऊस झाला तेही बघा. हे शेवटचं फार कमी लोक करतात. कोरड्या मातीत १०० मिमी पाणी बरंचसं मुरतं. आधीच भिजून जड झालेल्या उतारात तेच पाणी मातीच्या कणांमधला दाब वाढवतं, कण एकमेकांना धरून राहत नाहीत आणि उतार सुटतो. माळीण (३० जुलै २०१४) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या दोन्ही दरडी जोराच्या पावसातच कोसळल्या.

मग ठरवायचं कसं? आमच्या मते कुटुंबासाठी सरळ नियम हा. प्रवासाच्या दिवशी मुक्कामाच्या जिल्ह्याला किंवा वाटेवरच्या घाटाला लाल इशारा असेल तर त्या दिवशी निघायचं नाही. मुक्कामाच्या काळात सलग दोन दिवस लाल असतील तर प्रवासाचा दिवस चांगला असला तरी सहल पुढे ढकलायची, कारण अडकून पडणं परतीच्या वेळी होतं. केशरी असेल आणि आधीचे तीन दिवस झड लागलेली असेल, तर केशरीला लालच माना. केशरी आहे पण आधी उघडीप होती, घाट सकाळीच ओलांडता येतो आणि मुक्काम मुख्य रस्त्यालगत आहे, तर जायला हरकत नाही. पिवळ्याला रेनकोट घेऊन निघा. घरात ऑक्सिजन, डायलिसिस किंवा नियमित इंजेक्शनवर असलेली व्यक्ती बरोबर असेल, तर प्रत्येक रंग एक पायरी वर धरा. हा नियम चर्चा सुरू होण्याआधी ठरवून ठेवला की आयत्या वेळी रुसवेफुगवे होत नाहीत.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि निघताना पहाटे, असं आणखी दोनदा बघा. पहाटे पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा आणि रडारचं चित्र बघायचं. जिल्हाधिकाऱ्यांनी आदल्या रात्री शाळांना सुट्टी दिली असेल तर ती मुलं रस्त्यावर येऊ नयेत म्हणून असते. ती सुट्टी सहलीसाठी वापरू नये.

कुणाला काय विचारायचं

हॉटेलवाल्याला 'पाऊस आहे का' असं विचारलं तर 'थोडा थोडा आहे, या बिनधास्त' हेच उत्तर मिळतं. त्याचा धंदा आहे, त्यात गैर काही नाही. प्रश्न असे विचारा की उत्तरात माहितीच यावी: मुख्य रस्त्यापासून तुमच्यापर्यंत येताना ओढ्यावरची फरशी (ठेंगणा पूल) किंवा साकव लागतो का? या महिन्यात तो किती वेळा पाण्याखाली गेला? वीज गेली तर जनरेटर किती तास चालतो आणि त्यावर खोलीतले दिवे-पंखे चालतात की फक्त कार्यालयातले? जेवण तिथेच मिळतं का? कोणत्या कंपनीच्या फोनला रेंज येते? खोलीपुढे पडवी किंवा झाकलेला व्हरांडा आहे का? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण लहान मुलांना घेऊन पावसात तीन दिवस काढायचे तर पडवीइतकी उपयोगाची सोय दुसरी नाही.

रस्त्याबद्दल सर्वांत खरी माहिती एसटी आगारात मिळते. चिपळूण, महाड, सावंतवाडी, महाबळेश्वर, जो आगार वाटेवर असेल तिथल्या चौकशी खिडकीला फोन करून विचारा, 'घाटातून गाड्या चालू आहेत का?' एसटीने घाट बंद केला असेल तर तुमची गाडी तिथे नेऊ नका. सरकारी मदतीसाठी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३, रेल्वेसाठी १३९, आणि आणीबाणीत ११२.

घाट आणि नद्या

पुण्याहून कोकणात उतरायला ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा असे घाट आहेत. भोर-महाड मार्गावरचा वरंधा घाट पावसाळ्यात अनेकदा आदेश काढून बंद ठेवतात, नकाशाच्या ॲपवर मात्र तो सगळ्यांत जवळचा रस्ता म्हणून दिसत राहतो. पोलादपूर-महाबळेश्वर जोडणाऱ्या आंबेनळी घाटात दरडी वारंवार येतात. गणपतीपुळ्यासाठी कऱ्हाड-पाटण-कुंभार्ली-चिपळूण किंवा कोल्हापूर-आंबा-साखरपा हे मार्ग त्यातल्या त्यात बरे, पण दुसरा मार्ग कोल्हापुरातून जातो. म्हणून पंचगंगेची पातळी बघायची: राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्गच शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता. मुंबई-गोवा महामार्गाने जाणार असाल तर महाडची सावित्री, खेडची जगबुडी, चिपळूणची वाशिष्ठी आणि चिपळूणजवळचा परशुराम घाट यांच्या बातम्या बघा. या नद्यांच्या खालच्या भागात भरती-ओहोटी चालते; भरतीच्या वेळी डोंगरातलं पाणी आलं तर पुराला उतरायला जागा राहत नाही.

पहाटे पाच-सहाला निघून घाट दुपारच्या आत ओलांडायचा आणि संध्याकाळी पाचनंतर घाटात शिरायचं नाही. दरड दिवसाही पडते, पण दिवसा ती दिसते आणि मदत पोहोचते. घाटात धबधब्यापाशी गाडी थांबवू नका. कड्यावरून छोटे दगड किंवा गढूळ पाणी नव्यानेच येऊ लागलं असेल तर तिथून लगेच पुढे निघा. धुक्यात हेडलाइट लो बीमवर ठेवा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला गाडी उभी आहे असं वाटतं आणि वळताना तुमचा इशारा कळत नाही.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलू शकतं, आणि खालचा रस्ता खचला आहे का ते दिसत नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल मारू नका. इंजिनात पाणी गेलेलं असताना पिस्टन फिरला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि 'इंजिन प्रोटेक्ट'ची जोड नसलेल्या साध्या विम्यात हा खर्च सहसा मिळत नाही.

कोकण रेल्वे हा कुटुंबासाठी चांगला पर्याय आहे. पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग कमी केलेला असतो, त्यामुळे वेळ जास्त लागतो. तिकीट काढताना नवीच वेळ बघा. रेल्वेने गाडी रद्द केली तर पूर्ण पैसे परत मिळतात. तुमच्या स्थानकावर गाडी तीन तासांहून जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्ही प्रवास करणार नसाल, तर गाडी सुटण्याआधी टीडीआर (परताव्यासाठीचा अर्ज) भरून पूर्ण रक्कम मागता येते.

पैशांचा हिशेब

समजा खोलीचे १२,००० रुपये, त्यातले ६,००० आगाऊ दिलेले. पेट्रोल-टोल ७,००० आणि जेवणखाण ८,००० व्हायचं आहे. 'सहा हजार बुडतील' म्हणून निघणारा माणूस आणखी २१,००० खर्च करून खोलीत बसणार असतो. दिलेले सहा हजार जायचं ठरवलं तरी गेलेले आहेत आणि नाही ठरवलं तरी गेलेले आहेत. पुढचे एकवीस हजार खर्चून काय मिळेल, एवढंच बघा. शिवाय ते सहा हजार बऱ्याचदा बुडतही नाहीत: तीन दिवस आधी फोन करून 'रद्द नको, तारीख पुढे द्या' असं सांगितलं तर पावसाळ्यात बहुतेक लोक ऐकतात. आदल्या रात्री सांगितलं तर त्यांनाही खोली दुसऱ्याला देता येत नाही.

समुद्र आणि धबधबे

जून ते ऑगस्ट समुद्र बघायचा असतो, उतरायचा नसतो. मालवण-तारकर्लीची स्कूबा आणि जलक्रीडा, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, जंजिऱ्याची फेरी या काळात बंद असतात. जून-जुलैत मासेमारी बंदी असल्यामुळे ताटात ताजा समुद्री मासाही कमीच. ज्यांची सहल याच गोष्टींसाठी आहे, त्यांनी पाऊस नसला तरी नोव्हेंबरात जावं.

धबधब्याचं पाणी तुमच्या डोक्यावरच्या पावसाने वाढत नाही, वर डोंगरात पडलेल्या पावसाने वाढतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी अचानक गढूळ होणं, पाला-काटक्या वाहून येणं, आवाज बदलणं यातलं काहीही दिसलं तर मुलांना घेऊन लगेच वरच्या बाजूला निघा, चपला-मोबाइल गोळा करत बसू नका. बऱ्याच ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश असतात. निघण्याआधी ते बघा, नाहीतर चार तास गाडी चालवून चौकीवरून परत फिरावं लागतं.

बॅगेत आणि परतताना

तीन दिवसांची जास्तीची औषधं, रोख तीन-चार हजार (वीज गेली की टॉवर आणि त्याबरोबर यूपीआयही जातं), टॉर्च, पॉवर बँक, प्रत्येक मुलाचा एक कोरडा जोड घट्ट प्लास्टिकमध्ये, बूट सुकवायला जुनी वर्तमानपत्रं, घाटमाथ्यावर जळवांसाठी मीठ. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका. उतरावं लागलंच तर साबणाने पाय धुवा, आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा. लेप्टोची (साचलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) शंका त्यावरून येते.

सोमवारी ऑफिस असेल तर परतीचा दिवस रविवार धरू नका, शनिवार धरा. घाट बंद झाला तर हातात एक दिवस राहतो, आणि नाही झाला तर रविवार घरी मिळतो. निघण्याच्या सकाळी पुन्हा आगाराला फोन करा; आलो त्याच वाटेने परत जाता येईल, असं धरून चालू नका. घाट बंद असेल तर 'तासाभरात उघडेल' या भरवशावर त्याच्या तोंडाशी रांगेत उभं राहू नका. मागे फिरून चिपळूण, रत्नागिरी किंवा साखरप्यासारख्या ठिकाणी, नदीपासून उंचावरची खोली दुपारी चारच्या आत घ्या. अंधार पडेपर्यंत तिथे अडकलेले बाकीचे प्रवासीही खोली शोधू लागलेले असतात.